सावली मोजायला माळव्यात

डिसेंबरात पुण्याची माणसं थंडी शोधायला बाहेर पडतात. कुणी महाबळेश्वर गाठतं, कुणी मनालीची तिकिटं काढतं. आमच्या घरात २०२४ च्या डिसेंबरात वेगळंच खूळ शिरलं होतं. वर्षातला सर्वांत लहान दिवस जिथे रेघ आखून ठेवलाय, तिथे जाऊन तो बघायचा. ती जागा म्हणजे उज्जैनची वेधशाळा. सासूबाईंचं माहेर इंदूरचं. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, अजून तिथेच राहते. त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता आणि आई यायला एका पायावर तयार होत्या.

गाडीत शाली होत्या, बाजरीचं पीठ होतं (इंदुरात मिळतं, पण आईंच्या मते ते जाडं असतं) आणि बरोबर एक मीटर कापलेली बांबूची काठी होती. सोबत मेजरटेप आणि गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा. कल्पना नवऱ्याची. भर दुपारी, म्हणजे सूर्य डोक्यावरून जाताना, काठी सरळ उभी धरायची आणि सावली मोजायची. निघायच्या आदल्या दिवशी गच्चीवर रंगीत तालीम झाली. पुण्यात या दिवसांत माध्यान्ह बारा वाजून बत्तीस मिनिटांच्या सुमारास होते. सावली भरली ९० सेंटिमीटर. इतकी वर्षं त्या गच्चीवर कपडे वाळत घालते आहे, पण दुपारी सावली कुठे पडते याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

२० डिसेंबर : पुणे ते इंदूर

पहाटे साडेचारला निघालो. संगमनेरच्या पुढे उजाडलं. कोपरगावच्या आसपास उसाच्या बैलगाड्या लागल्या. फडाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या, चुलींचा धूर खाली दबलेला. बायका डोक्याला टॉवेल गुंडाळून मोळ्या बांधत होत्या. काचा वर करून गाडीत बसलेल्यांनी "काय मस्त थंडी पडलीय" म्हणावं आणि बाहेर हे चाललेलं असावं. मी म्हणता म्हणता थांबले.

मनमाड, मालेगाव, धुळे. खानदेशात कपाशीनं भरलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते. धुळ्याला जेवायला थांबलो असतो तर बारा चुकले असते, म्हणून आईंनी डब्यातल्या दशम्या काढल्या आणि गाडी शिरपूरकडे दामटली.

आता थोडं गणित, कारण पुढची गंमत त्यावरच आहे. दक्षिणायन संपतं तेव्हा सूर्य विषुववृत्ताच्या २३.४४ अंश दक्षिणेला असतो. आपण जितके उत्तरेला जाऊ तितका तो दुपारीही खाली दिसतो आणि सावली लांबत जाते. साडेएकवीस अंश अक्षांशावर तो बरोबर ४५ अंशांवर येतो, म्हणजे काठी आणि तिची सावली सारखीच. नकाशात ही रेघ शोधली तर ती सातपुड्यावर पडते. पळासनेर मागे टाकून सेंधव्याच्या आधी बिजासन घाट लागतो, जवळजवळ तिथेच. महाराष्ट्र संपतो आणि त्याच सुमाराला आपली सावली आपल्या उंचीची होते. हा निव्वळ योगायोग आहे हे कळतं, तरी मला तो फार आवडला.

घाटाच्या अलीकडे एका ढाब्याच्या सपाट आवारात गाडी लावली. बारा सत्तावीस. नवऱ्यानं काठी धरली, मी ओळंबा सोडला, आई टेप घेऊन वाकल्या. तेवढ्यात एक ट्रकचालक चहाचा ग्लास घेऊन शेजारी येऊन उभा राहिला.

"सड़क चौड़ी हो रही है क्या?"

नवऱ्यानं त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, काठी स्वतःच्या हातात घेतली आणि आमच्या तिघांपेक्षा स्थिर धरली. सावली आईंच्या मते ९९, नवऱ्याच्या मते १००. ट्रकचालक मग आपल्या सावलीच्या डोक्याशी खूण करून तिथवर आडवा झाला! खरोखर, धुळीत, सगळ्यांसमोर. पाय उभा होता त्या जागी आणि डोकं खुणेला. "बराबर है," तो उठून कपडे झटकत म्हणाला, आणि मग म्हणाला की गावाकडे पोहोचेल तेव्हा ही सावली त्याच्याहून कितीतरी लांब होईल ना? त्याचं गाव पंजाबात. होईल, आम्ही म्हणालो. गणित त्याला आमच्याहून लवकर कळलं होतं. तो ही रेघ आठवड्याला ओलांडतो.

पुढे घाट, सेंधवा, खलघाटचा नर्मदेवरचा पूल. पुलावर आईंनी पर्समधून नाणं काढून काच खाली केली. इथून त्यांची मराठी बदलायला लागते हे मी लग्नापासून बघत आले आहे. इंदूर जवळ आलं की त्यांच्या वाक्यात "अपन" यायला लागतं.

सूर्य पावणेसहालाच मावळला. रामबागेकडच्या मावशीच्या घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. दारातच तिनं आईंना धरलं. "ताई, किती वाळलीस ग! चला, हातपाय धुऊन घ्या, चहा घ्या, मग अपन सराफ्यात निघू."

सराफ्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून झालंय. सोन्याचांदीची दुकानं रात्री बंद झाली की त्याच गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात. तिथे उन्हाळ्यात जाणं आणि हिवाळ्यात जाणं यांत फरक आहे, एवढंच सांगते. हिवाळ्यात तिथे गराडू असतो. गराडू म्हणजे जमिनीत वाढणारा केसाळ, ओबडधोबड कंद. त्याच्या फोडी एकदा तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की दाबून पुन्हा तळतात. वरून लिंबू आणि जीरावन नावाचा मसाला. बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ. द्रोण हातात घेतला की बोटं शेकतात, म्हणून हातमोजे काढावे लागतात, आणि रिकाम्या हाताला थंडी वाजते म्हणून दुसरा द्रोण मागावा लागतो. मावशीचा नियम आहे की गराडू दिवाळीनंतर सुरू करायचा आणि होळीला बंद. मध्ये कुणी उन्हाळ्यात कुठल्याशा हॉटेलात देतो म्हणाला तरी खायचा नाही. मला हा नियम पटला. फ्रीजनं आपल्या ताटातले बरेचसे ऋतू पुसून टाकलेत, एखाददुसरा हट्टानं राखायला हवा.

जाणाऱ्यांसाठी: सराफा रात्री नऊनंतर रंगात येतो. गाडी लांब लावा आणि रिक्षानं जा. केशर घातलेलं कढईतलं दूध शेवटी घ्या, आधी घेतलंत तर पोटात जागा उरत नाही.

२१ डिसेंबर : उज्जैन

मावशीनं पहाटे पाचलाच उठवलं. धुंधुरमास सुरू होता. सूर्य धनु राशीत असतो तो हा महिना, साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत. या दिवसांत सूर्य उगवायच्या आत स्वयंपाक करायचा, नैवेद्य दाखवायचा आणि जेवून घ्यायचं. महिनाभर कुणी करत नाही आता, पण एक दिवस तरी करतात. इंदूरच्या मराठी घरांत तो टिकलाय. मावशीनं ताईच्या बाजरीसाठी आमच्या येण्याची वाट बघितली होती.

स्वयंपाकघर धुरानं आणि वाफेनं भरलेलं. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, मुगाची खिचडी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, लोण्याचा गोळा, गूळ. शेजारच्या माळवी भाभी दरवर्षीप्रमाणे आपली वाटी घेऊन आल्या. त्यांच्या वाटीत लसणाच्या पातीची चटणी होती आणि जाताना त्या भाकरी नेणार होत्या. बाहेर मिट्ट काळोख. जेवण पोटभर झालं तेव्हा कुठे पूर्वेला फटफटलं. सूर्य वर आला सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास.

या प्रथेची एक बाजू माझ्या लक्षात यायला वेधशाळेत जावं लागलं, म्हणून ती पुढे सांगते.

उज्जैन पंचावन्न किलोमीटर. वर्षअखेरीमुळे महाकालाच्या रस्त्यावर गर्दी अशी की आम्ही कळसालाच हात जोडले. आत्ताचं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारलेलं. दर्शन हवं असेल तर डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस टाळा, हा माझा प्रामाणिक सल्ला. वेधशाळा मात्र त्याच गावात, शिप्रेच्या काठी, झाडांच्या सावलीत, निवांत.

सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात पाच वेधशाळा बांधल्या. दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा. मथुरेची आता उरलेली नाही. जयपूरची सर्वांत मोठी, दिल्लीची सर्वांत जास्त फोटो काढली जाणारी. उज्जैनची लहान आहे, पण तिथली यंत्रं वापरात आहेत. ती वापरात राहण्यामागे एक मराठी माणूस आहे, आणि त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. गोविंद सदाशिव आपटे. पडझड झालेल्या या वेधशाळेचा १९२३ साली माधवराव शिंद्यांनी जीर्णोद्धार करवला, त्यामागे आपटे होते, आणि पुढे तिचा कारभारही त्यांनीच पाहिला. उज्जैनचं म्हणाल तर भारतीय ज्योतिषाचं शून्य रेखांश याच गावावरून जायचं. ग्रीनिचच्या कितीतरी आधीपासून.

एका शाळेची सहल आली होती. आम्ही त्या मुलांच्या मागे उभे राहिलो, कारण वेधशाळेतले माहिती सांगणारे गृहस्थ मुलांना जितकं छान सांगत होते तितकं मोठ्यांना सांगत नाहीत. नाडीवलय यंत्र त्यांनी आधी दाखवलं. आडव्या नळकांड्यासारखं बांधकाम, दोन्ही टोकांना गोल तबकड्या, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. सूर्य उत्तर गोलार्धात असतो तेव्हा सहा महिने उत्तरेची तबकडी उन्हात, उरलेले सहा महिने दक्षिणेची. मुलांनी पळत जाऊन उत्तरेच्या तबकडीला हात लावला. गार. मग दक्षिणेच्या. कोमट. सप्टेंबरपासून त्या उत्तरेच्या दगडावर ऊन पडलेलं नव्हतं आणि मार्चपर्यंत पडणार नव्हतं. हिवाळा म्हणजे काय हे मला तिथे हाताला कळलं.

शंकू यंत्र म्हणजे गोल ओटा आणि मध्ये उभी खुंटी. ओट्यावर सात रेघा. दिवसभर खुंटीच्या टोकाची सावली यांतल्या एका रेघेच्या आसपास चालते. विषुवदिनी ती सरळ रेघेवरून जाते, इतर वेळी वाकड्या. खुंटीपासून सर्वांत लांबची रेघ मकरवृत्ताची, आणि आज सावली त्या रेघेवर होती. बरोबर रेघेवर. मुलं, शिक्षक, आम्ही, सगळे ओट्याभोवती वाकून बघत होतो आणि ती सरकत होती. इतक्या हळू की बघत राहिलं तर सरकत नाही, मान वळवून परत पाहिलं तर पुढे गेलेली.

माध्यान्हीला, घड्याळात बारा पंचवीस झाले तेव्हा, बाहेर फरसबंदीवर आमची काठी उभी केली. १०६ सेंटिमीटर. पुण्यात काठीपेक्षा आखूड, सीमेवर काठीएवढी, इथे काठीहून लांब. पुण्याचा हा दिवस साधारण अकरा तासांचा, उज्जैनचा दहा तास एकेचाळीस मिनिटांचा. वीस मिनिटांचा फरक घड्याळात वाचला असता तर विसरले असते. सोळा सेंटिमीटर विसरणार नाही.

घड्याळात पंचवीस मिनिटं जास्त का, हे एका मुलीनं विचारलं. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, जो अलाहाबादजवळून जातो. उज्जैन त्याच्या पश्चिमेला, म्हणून इथे दुपार उशिरा होते. पण त्या गृहस्थांनी पुढे जे सांगितलं ते मला नवीन होतं. या दिवसांत रोजची माध्यान्ह आदल्या दिवसापेक्षा अर्धा मिनिट उशिरा होते. पृथ्वीचा अक्ष कललेला आणि तिची कक्षा लंबगोल, त्याचा हा परिणाम. जानेवारीच्या सुरुवातीला, भर थंडीत, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा ती वेगानं पळते. दुपारच पुढे सरकत असल्यामुळे सूर्योदय आणि सूर्यास्तही तिच्यामागे ओढले जातात. म्हणून आपल्याकडे सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त आजचा नसतोच, तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होऊन गेलेला असतो. आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय अजून यायचा असतो, जानेवारीच्या मध्यावर.

मी आईंकडे पाहिलं, आई मावशीकडे. धुंधुरमास! वर्षातल्या सर्वांत उशिराच्या पहाटा नेमक्या त्याच महिन्यात येतात. एरवी सहाला उजाडतं तेव्हा सूर्योदयाआधी जेवा म्हटलं तर कुणी ऐकेल? सात वाजेपर्यंत अंधार आहे, भूक लागलेली आहे, चुलीपाशी ऊब आहे, तेव्हाच हे जमतं. ज्यानं कुणी ही प्रथा बसवली त्याच्याकडे समीकरण नसेल, पण तो रोज पहाटे उठत नक्की होता. बहुधा उठत होती.

दोन पन्नासला अयनाचा, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळण्याचा, नेमका क्षण होता. मुलांनी उलटी गिनती केली. "पाँच, चार, तीन, दो, एक!" काहीच झालं नाही. एक मुलगा म्हणाला, "अब?"

"अब दिन बड़ा होगा," गृहस्थ म्हणाले.

"कितना?"

"कल? एक-दो सेकंड."

मुलगा चिडला. पण खरं तेच आहे. संक्रांतीपर्यंत सगळे मिळून आठ-नऊ मिनिटंच वाढतात. तीळ तीळ वाढतो असं आजी म्हणायची, तिनं अतिशयोक्ती केली नव्हती.

संध्याकाळी रामघाटावर बसलो. पावणेसहाला सूर्य गेला आणि पाठोपाठ पाण्यावरून गारठा उठला. पोहे-जिलबीवाल्यापाशी लोक शेकत उभे. मावशीनं मला आपली शाल दिली आणि वर स्वतःला थंडी वाजत नाही असं सांगत परतीच्या रस्ताभर शिंकत राहिली.

जाणाऱ्यांसाठी: अयनदिन कधी २१ला येतो, कधी २२ला, वर्षानुसार बघून घ्या. पण एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी सावली रेघेवरच दिसते, कारण या दिवसांत सूर्य जागचा फारसा हलत नाही. अकराच्या आत पोहोचा, म्हणजे माध्यान्हीआधी यंत्रं समजून घेता येतात. काठी मोजायची असेल तर ओळंबा न्याच. काठी जरा कलली की सावली खोटी पडते.

२२ डिसेंबर : डोंगला

उज्जैनच्या उत्तरेला महिदपूर तहसिलीत डोंगला नावाचं गाव आहे. कर्कवृत्त तिथून जातं, आणि २१ जूनला दुपारी तिथे सावली नाहीशी होते. या जागेचं महत्त्व दाखवून दिलं ते विष्णू श्रीधर वाकणकरांनी. तेच ते, भीमबेटकाची गुहाचित्रं जगापुढे आणणारे. माळव्यात फिरताना अशी मराठी माणसं पावलोपावली भेटतात, बहुतेक पाट्यांवर. आता डोंगल्याला वराहमिहिरांच्या नावाची आधुनिक वेधशाळा आहे. गंमत अशी की कर्कवृत्त स्थिर नाही. पृथ्वीचा कल किंचित कमी होतो आहे, त्यामुळे ते दरवर्षी साधारण १५ मीटर दक्षिणेला सरकतं.

आकाशात पातळ ढग होते, सावली पुसट. काठी धरली, १०६ आणि १०७ च्या मध्ये कुठेतरी. कुणाला फार उत्साह राहिला नव्हता. खरा दिवस रस्त्याकडेच्या शेतात गेला.

गहू वीतभर आलेला, शेजारी हरभरा, कडेला लसूण. गाडी थांबवून आई हरभऱ्याकडे बघत होत्या. शेतकऱ्यानं आत बोलावलं आणि खुडलेल्या कोवळ्या शेंड्यांची ओंजळ दिली. दव पडलेलं, पानांवर आंब. मीठ-मिरचीबरोबर कच्चेच खा म्हणाला. जिभेला आंबट, खारट, गार.

आम्ही त्याला मोठ्या हौसेनं सांगितलं की काल सर्वांत मोठी रात्र होती. तो हसला. "हमको पता है, पानी दे रहे थे।" विहिरीवरच्या मोटारीला वीज रात्रीची. ती आली की उठायचं, बांध फोडून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं, पाय घोट्यापर्यंत चिखलात. तेरा तास एकोणीस मिनिटांची रात्र वेधशाळेच्या फळ्यावर वाचणं वेगळं आणि ती वाफ्यात उभं राहून काढणं वेगळं. आपल्याकडे नाशिक-नगरला तरी काय निराळं आहे? पण त्याची थंडीबद्दल तक्रार नव्हती. थंडी हवीच, म्हणाला. गव्हाला फुटवे थंडीतच फुटतात, उबदार डिसेंबर गेला तर दाणा भरत नाही. भीती पाल्याची, म्हणजे दव गोठण्याची. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि पारा खाली असला की हरभरा, वाटाणा एका रात्रीत करपतो. तशा रात्री तो मुद्दाम पाणी देतो, कारण ओली जमीन ऊब धरते, आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. आजचे ढग बघून तो खूश होता. आम्ही ज्या ढगांवर सकाळपासून चिडलो होतो, त्याच ढगांमुळे त्याला आज झोप मिळणार होती.

निघताना नवऱ्यानं मोबाइलवर दाखवलं: आज राष्ट्रीय पंचांगाप्रमाणे पौष १. हे पंचांग १९५७ साली सरकारनं स्वीकारलं, मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ते बसवलं, आणि त्यात महिने खऱ्या ऋतूंना जोडलेले आहेत. म्हणून अयनाच्या पाठोपाठ पौष सुरू होतो. आपली संक्रांत मात्र तारकांच्या हिशोबानं चालते, ती तीन आठवड्यांहून जास्त मागे पडली आहे. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच वेळी यायचे. म्हणून संक्रांत डिसेंबरात आणा असा वाद पंचांगकर्त्यांमध्ये शतकभर तरी चालला आहे. मला विचाराल तर राहू द्या जानेवारीत. दिवस वाढल्याचं डोळ्यांना दिसायलाही तेवढे दिवस लागतातच.

२३ डिसेंबर : मांडू

मांडूबद्दल थोडक्यात. सगळे म्हणतात पावसाळ्यात जा. हिरवळ असते, ढग महालात शिरतात, खरं आहे. पण हिवाळ्यात तिथे दगड दिसतो. दुपारी तीनलाच ऊन इतकं तिरकं होतं की जहाजमहालाच्या कमानी जमिनीवर पूर्ण उमटतात. गोरखचिंचेची झाडं, तिथले लोक खुरासानी इमली म्हणतात, पानं गाळून उभी होती आणि खाली बायका तिची लांबट फळं विकत होत्या. गर कोरडा, आंबट, तोंडात विरघळणारा. आईंनी गुडघे धरत रूपमतीच्या मंडपापर्यंत चढून दाखवलं. वरून नर्मदा दिसते म्हणतात. धुक्यात आम्हाला फक्त खालचा निमाड प्रांत दिसला, तोही अर्धा. मंडपात कुडकुडत बसलेल्या पहारेकऱ्यानं नेमकी दिशा दाखवून "वहाँ है" असं सांगितलं आणि आम्ही त्याच्या शब्दावर नमस्कार केला.

जाणाऱ्यांसाठी: मांडूला दाल-बाफले (वरण आणि शेकलेले कणकेचे गोळे) खायचे तर सकाळीच सांगून ठेवा, ते शेकायला वेळ लागतो. आणि खाऊन लगेच गाडी चालवायला बसू नका.

दुसऱ्या दिवशी धामनोदवरून खाली उतरून परतीला लागलो. मावशीनं आईंना पाच किलो गराडू बांधून दिले होते, मातीसकट. मातीसकट ठेवले तर दोन आठवडे टिकतात, धुतले की लवकर खराब होतात. सोलताना हातांना तेल चोळून घ्या, नाहीतर रात्रभर खाज. उकडायचे नाहीत, थेट मंद आचेवर तळायचे, गार होऊ द्यायचे, मग दाबून मोठ्या आचेवर. जीरावन मिळालं नाही तर जिरं, बडीशेप, काळं मीठ, आमचूर, सुंठ आणि लाल तिखट भाजून कुटा. होळीच्या आत संपवा, नाहीतर मावशीला उत्तर तुम्हीच द्या.